अटींवरचा प्रवेश

भागवतांच्या घरी बेंगळुरूच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’चं, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं, नाव परकं नव्हतं. नारायणराव भागवत आणि त्यांचे भाऊ माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. नारायणरावांची मुलगी कमला १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. रसायनशास्त्र मुख्य विषय, पदार्थविज्ञान दुय्यम, आणि गुण उत्तम. पुढचा मुक्काम बेंगळुरू हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. अर्ज गेला आणि नकार आला. गुण कमी पडले किंवा जागा भरल्या असं काही झालं नव्हतं. अर्ज करणारी मुलगी होती, एवढंच कारण.

मराठी वाचकाला या घरातली थोरली बहीण जास्त ओळखीची आहे. आणीबाणीच्या काळात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सरकारला खडे बोल सुनावणाऱ्या दुर्गाबाई भागवत त्या याच. धाकटीने तोच बाणा त्याआधी चाळीस-बेचाळीस वर्षं दाखवला होता, मात्र तिथे व्यासपीठ नव्हतं आणि श्रोतेही नव्हते. होतं फक्त संचालकांचं कार्यालय.

संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तेही त्या खुर्चीत नवेच होते.

संस्थेची घडण समजल्याशिवाय त्या खुर्चीचं वजन कळत नाही. जमशेटजी टाटांनी विज्ञान संशोधनाच्या संस्थेची योजना मांडली ती १८९८ च्या सुमारास, आणि त्यासाठी तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. सरकारी मान्यतेची वाट बघता बघता १९०४ मध्ये ते वारले. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली, बांधकामासाठी पाच लाख रुपये आणि वर्षाला पन्नास हजारांचं अनुदान कबूल केलं. १९०९ मध्ये हिंदुस्थान सरकारचा हुकूम निघाला आणि २४ जुलै १९११ रोजी पहिली तुकडी आत आली. निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन या वायूंच्या शोधात विल्यम रॅमसे यांचे जोडीदार असलेले मॉरिस ट्रॅव्हर्स हे पहिले संचालक. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. या संस्थेला घरं तीन होती : टाटा, म्हैसूर दरबार आणि दिल्लीचं सरकार. ती उपाशी राहिली नाही, पण संचालकाला मात्र तिन्ही घरांची मर्जी सांभाळावी लागे. ट्रॅव्हर्स १९१४ मध्येच परत गेले. पुढे दर काही वर्षांनी एखादी समिती येऊन संस्थेची झाडाझडती घेई. १९२१ मध्ये पोप समिती आली, मग स्यूएल समिती. पैसा नेमका कशासाठी खर्च होतोय, उद्योगधंद्यांना त्याचा उपयोग काय, हे प्रश्न ठरलेले असत.

बावीस वर्षांत ट्रॅव्हर्स, बोर्न, फॉर्स्टर असे तीन संचालक झाले आणि तिघेही इंग्रज. १९३३ मध्ये रामन आले ते पहिले भारतीय. १९३० चं नोबेल पारितोषिक, त्याआधी मिळालेला ‘सर’ हा किताब, आणि कलकत्त्याच्या पंचवीस वर्षांच्या कामातून जमलेला दबदबा, हे सगळं सोबत होतं. तरीही एक भारतीय माणूस एवढी मोठी संस्था चालवू शकतो का, हा प्रश्न अनेकांच्या मनात होता, आणि काही जण तो उघडपणे विचारतही होते. रामन यांच्या प्रत्येक निर्णयाकडे त्याच नजरेने बघितलं जाणार होतं.

आल्या आल्या त्यांनी घडी बदलायला घेतली. तोवर संस्थेचा कणा रसायनशास्त्र आणि विद्युत तंत्रज्ञान हा होता. सामान्य रसायन विभागात ट्रॅव्हर्सच्या काळापासूनचे वॉटसन होते, सेंद्रिय रसायन विभागात गुहा आणि जीवरसायन विभागात व्ही. सुब्रह्मण्यन. पदार्थविज्ञानाचा विभाग नव्हताच. रामन यांनी तो सुरू केला आणि प्रमुखपदी स्वतःच बसले. उपकरणं परदेशातून मागवत बसण्यापेक्षा ती इथेच बनावीत म्हणून संस्थेची कार्यशाळा बळकट करायला घेतली. आवारात फुलझाडं लावण्याचा त्यांना नाद होता. आज बेंगळुरूत त्या आवाराच्या हिरवाईचं कौतुक होतं, त्यात रामन यांच्या हौसेचा वाटा आहे. माणूस झपाटलेला होता. झपाटलेल्या माणसाचं एक असतं : जे काम त्याला महत्त्वाचं वाटतं त्याला तो सगळं देतो, आणि त्याच्या आड काय येईल हे तो मनाशी आधीच ठरवून टाकतो. मुली संशोधनाच्या आड येतात, असं रामन यांनी ठरवून टाकलं होतं.

ते संस्थेचं धोरणही नव्हतं, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९२० च्या दशकात एखाद-दुसऱ्या स्त्रीने इथे रसायनशास्त्राचं काम केल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे इंग्रज संचालकांच्या काळात किलकिलं असलेलं दार पहिल्या भारतीय संचालकाने लावून घेतलं. कमला भागवत या संस्थेतली पहिली स्त्री, असं सरसकट लिहिलं जातं. त्यातून गोष्ट सोपी होते, पण रामन यांच्यावरची जबाबदारीही हलकी होते. परंपराच तशी होती म्हणून सोडून देता येतं. इथे परंपरा नव्हती. एका माणसाचं मत होतं आणि त्या मताच्या हाती अधिकार होता.

कमला बेंगळुरूला आली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. नकाराचं कारण विचारलं. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा कार्यालयाबाहेर सत्याग्रह करायचा पवित्रा तिने घेतला.

आज हे वाचताना नाट्यमय वाटतं. पण १९३० ते ३३ ही वर्षं आठवून पाहावीत. मिठाचा सत्याग्रह होऊन गेला होता, कायदेभंगाची चळवळ चालू होती, मुंबईत विदेशी कापडाच्या दुकानांसमोर निदर्शनं करून बायका तुरुंगात जात होत्या. मुंबईत शिकलेल्या बाविशीच्या मुलीला अन्यायापुढे काय करायचं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या भेटीत नेमकं काय बोलणं झालं हे प्रामुख्याने कमलाबाईंनीच पुढे सांगितलेलं आहे. सांगणारे बदलले तसा तपशीलही थोडाफार बदलत गेला. शेवट मात्र सगळीकडे एकच आहे. रामन नमले आणि तीन अटी घातल्या.

पहिली अट : तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही, पहिलं वर्षभर ती उमेदवार असेल, आणि काम पाहून संचालकांची खात्री पटली तरच ते ग्राह्य धरलं जाईल. दुसरी : मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावं लागेल. तिसरी : तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये.

पहिल्या दोन अटी कडक आहेत, पण त्यांचा निदान कामाशी संबंध आहे. तिसरीला काय म्हणावं? तरुण मुलांचं लक्ष विचलित झालं तर दोष मुलीचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कमलाने तिन्ही अटी मान्य केल्या. अपमान गिळला असं म्हणता येणार नाही, कारण पुढची साठ-पासष्ट वर्षं तो तिच्या लक्षात राहिला. पण त्या घडीला प्रयोगशाळेत शिरणं महत्त्वाचं होतं आणि ती शिरली.

तिला मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. जीवरसायन विभागातले हे संशोधक म्हैसूरच्या चंदनाच्या झाडांवर पडणाऱ्या ‘स्पाइक’ रोगावरच्या कामासाठी ओळखले जात. चंदन म्हणजे म्हैसूर दरबाराच्या तिजोरीचा मोठा आधार, त्यामुळे ते काम थेट राज्याच्या पोटापाण्याचं होतं. शिस्तीला कडक, वेळेला पक्के आणि कामाच्या बाबतीत मुलगा-मुलगी असा भेद न करणारे, अशी त्यांची ख्याती कमलाबाईंनी पुढे कृतज्ञतेने सांगितली. जुन्या शास्त्रज्ञांचे मूळ शोधनिबंध वाचायचे, जगभरच्या संशोधकांना पत्रं लिहून शंका विचारायच्या, ही सवय त्यांनीच लावली. वरचा साहेब परीक्षा घेत असताना हाताखाली घेणारा माणूस असा मिळणं हे त्या वर्षातलं खरं सुदैव.

विषय होता अन्नातली प्रथिनं : दूध, डाळी, कडधान्यं. आज डाळीच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा छापलेला असतो आणि तो आपण बिनदिक्कत खरा मानतो. तो आकडा काढायची जुनी रीत नायट्रोजन मोजण्याची. प्रथिनात साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो, म्हणून पदार्थातला एकूण नायट्रोजन मोजायचा, त्याला सव्वासहाने गुणायचं, झालं प्रथिनांचं प्रमाण. पण डाळीतला सगळा नायट्रोजन प्रथिनातलाच असतो कुठे? काही सुट्या अमिनो आम्लांत असतो, काही इतर लहान संयुगांत. तो वेगळा काढला नाही तर गरिबाच्या ताटातली डाळ कागदावर आहे त्यापेक्षा पौष्टिक दिसते.

तो वेगळा काढणं हे काम चिवटपणाचं. डाळ दळायची, तिचा अर्क काढायचा, आम्ल घालून त्यातली प्रथिनं साक्याच्या रूपात खाली बसवायची, गाळायची. वर उरलेलं पाणी लांब मानेच्या चंबूत घेऊन तीव्र गंधकाम्लात तासन् तास उकळायचं. आधी ते काळं होतं, फसफसतं, डोळे चुरचुरतील असा धूर सोडतं, आणि हळूहळू पाण्यासारखं नितळ होत जातं. मग त्यात अल्कली घालून निघणारा अमोनिया दुसऱ्या आम्लात पकडायचा आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत मोजायचा. रंग बदलला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून. हे एका डाळीसाठी एकदा नाही, प्रत्येक नमुन्यासाठी दोनदा-तीनदा. यात कुणाचं लक्ष विचलित करायला फुरसत कुणाला असणार होती, हे रामन यांनाच ठाऊक.

डाळींमधल्या प्रथिनेतर नायट्रोजनावरचा कमला भागवत आणि श्रीनिवासय्या यांचा निबंध १९३५ मध्ये इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये छापून आला.

कमलाच्या उमेदवारीच्या वर्षभरात संचालकांचाही एक मोठा प्रकल्प चालू होता. देशभरच्या वैज्ञानिकांची एक अकादमी असावी, तिचं स्वतःचं नियतकालिक असावं, यावर कलकत्ता, अलाहाबाद, बेंगळुरू अशी तिरंगी ओढाताण चालली होती. रामन वाट पाहणाऱ्यांतले नव्हते. एप्रिल १९३४ मध्ये त्यांनी बेंगळुरूतच ‘इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस’ नोंदवून टाकली आणि जुलैपासून तिचं नियतकालिक सुरूही झालं. आपल्या विद्यार्थ्यांचं काम नेचरच्या संपादकाच्या मर्जीवर अडकून राहू नये हा हेतू रास्त होता. पण कलकत्त्याशी असलेली तेढ त्याने वाढली, आणि त्याच साली कलकत्त्याच्या ज्या संस्थेत त्यांनी नोबेलचं काम केलं होतं तिची सूत्रंही त्यांच्या हातून गेली.

वर्ष संपलं. रामन यांची खात्री पटली होती. कमलाला नियमित संशोधक म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यापुढे मुलींना प्रवेश द्यायला रामन यांनी आडकाठी केली नाही. पुराव्यापुढे मत बदलणं हा वैज्ञानिकाचा गुण, आणि तो त्यांनी दाखवला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. हेही खरं की तो पुरावा गोळा करायचा सगळा बोजा एका मुलीच्या एका वर्षावर टाकला होता. तिचा एक प्रयोग फसला असता, एखादा आजार लांबला असता, तर पुढच्या किती जणींचं दार बंद राहिलं असतं? शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं वर्ष वाया गेलं तर त्याचं एकट्याचंच जायचं.

पदवीचा मामला आणखी वेगळा. ही संस्था त्या काळी पदव्या देत नसे. तो अधिकार तिला १९५८ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर आला. तोवर विद्यार्थी बेंगळुरूत काम करत आणि प्रबंध आपापल्या विद्यापीठाला सादर करत. कमला भागवत यांचा प्रबंधही मुंबई विद्यापीठाकडे गेला आणि १९३६ मध्ये त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या.

संचालकांची परीक्षा मात्र अजून चालूच होती, आणि ती त्यांना जड जात होती. पदार्थविज्ञानाला ते झुकतं माप देतात, इतर विभागांचा पैसा तिकडे वळवतात, कुणाचं ऐकत नाहीत, अशा तक्रारी साचत गेल्या. त्यातल्या काही खऱ्या होत्या. त्याच वेळी जर्मनीतून हिटलरने हुसकावलेल्या शास्त्रज्ञांना बेंगळुरूत आणायचं स्वप्न ते पाहत होते. १९३५-३६ च्या हिवाळ्यात माक्स बॉर्न त्यांच्या बोलावण्यावरून आले आणि काही महिने राहिले. त्यांना कायमचं ठेवून घ्यावं असा प्रस्ताव रामन यांनी आणला, तेव्हा भर सभेत एका इंग्रज प्राध्यापकाने बॉर्न यांना मायदेशाने हाकललेला दुय्यम दर्जाचा परदेशी म्हटलं. बॉर्न यांनीच हा प्रसंग पुढे आठवणींत नोंदवला आहे. ज्याला दुय्यम म्हटलं त्याला १९५४ मध्ये नोबेल मिळालं. १९३६ मध्ये सर जेम्स अर्विन यांची समिती आली. तिचा अहवाल रामन यांच्या कारभारावर उलटला आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावं लागलं. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तिथेच राहिले आणि मग त्याच शहरात स्वतःची संस्था काढून तिथे गेले. उमेदवार मुलगी पास झाली. तिला उमेदवार ठरवणारे संचालक चार वर्षांत नापास ठरवले गेले. दोघांना मोजणाऱ्यांची माप घेण्याची पट्टी सारख्याच पूर्वग्रहाची होती, हे रामन यांच्या लक्षात आलं असेल का, कोण जाणे.

कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांचा तिथला जीवरसायन विभाग स्त्रियांना संशोधनात मोकळेपणाने जागा देण्यासाठी त्या काळी प्रसिद्ध होता. बेंगळुरूच्या अटींनंतर हा बदल त्यांना केवढा वाटला असेल! रॉबिन हिल यांच्यासोबत काम करताना बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींतही श्वसनासाठी ‘सायटोक्रोम सी’ असतं हे त्यांनी दाखवलं. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. गंमत अशी की स्वतः केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना तेव्हा पदवीचा नुसता किताब देत असे; पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी आणि विद्यापीठाचं सभासदत्व तिथे बायकांना १९४८ मध्ये मिळालं. तेव्हा मागासलेपणाचा मक्ता काही एकट्या रामन यांच्याकडे नव्हता.

बेंगळुरूतही दार उघडलं म्हणजे घर आपलं झालं असं नव्हतं. १९४० मध्ये अ‍ॅना मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या, हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले. एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पुढे त्यांनी भारताच्या हवामान खात्याची मोजमापाची उपकरणं घडवली, ती डॉक्टरेटशिवाय.

कमला भागवत परत आल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात आणि कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं, १९४७ मध्ये लग्न होऊन सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये स्थिरावल्या. बेंगळुरूत धरलेला कडधान्यांचा धागा त्यांनी तिथेही सोडला नाही. वालांमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात, ते त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळे काढून दाखवले. कोकणातल्या घरात वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून मगच खातात. बेंगळुरूत हिवाळ्यात अवरेकाळू म्हणून हेच दाणे घरोघरी शिजतात. ताडाच्या नीरेतल्या पोषणमूल्यांवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या. मसाल्यात, तेलात, डाळीत काय मिसळलं आहे ते गृहिणीला घरच्या घरी ओळखता यावं म्हणून साध्या चाचण्या सांगत आणि लिहीत राहिल्या.

१९९७ मध्ये मुंबईत स्त्री-वैज्ञानिकांनी त्यांचा सत्कार केला. वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलेलं. त्या समारंभात त्यांनी रामन थोर शास्त्रज्ञ होते हे सांगितलं, आणि त्याच दमात ते कोत्या मनाचे होते हेही सांगितलं. पुढच्या वर्षी, जून १९९८ मध्ये त्या वारल्या.

रामन यांच्यावर मराठीत लिहिलं गेलं आहे आणि यापुढेही लिहिलं जाईल. जो कुणी लिहील त्याने १९३३ च्या प्रकरणात अकादमी, कार्यशाळा आणि फुलझाडं जरूर घ्यावीत. पण त्या तीन अटीही, तिसरीसकट, जशाच्या तशा छापाव्यात.